पिवळी रेघ

रात्री पावणेदोनला उठून बसले.
डावीकडचं पुढचं चाक. खालचा बोल्ट.
वरचा आवळल्याचं हाताला आठवतंय.
खालच्याचं काहीच नाही.

संध्याकाळी पाथर्डी फाट्याच्या आमच्या सोसायटीत
पार्किंगमधून जाणारे-येणारे थबकत होते,
बाई गाडीखाली.
कुणीतरी म्हणालं, गॅरेज आहे की समोर.
त्या गॅरेजचा आकडा मी सांगितला नाही.
चाक खोलून आत तो नेमकं काय करतो
हे बघायची हौस होती, तेही नाही सांगितलं.

जुने पॅड निघाले ते जवळजवळ पत्र्यावर आलेले.
दोन महिने कसाऱ्याच्या उतारावर करकरत होते
आणि मी रेडिओ मोठा करत होते.

लभडे काकांनी टॉर्क रेंच दिला,
धुतलेल्या बनियनमध्ये गुंडाळून.
अंबडच्या कंपनीत एकोणीस वर्षं त्यांचं काम एकच,
कॅलिपरचे दोन बोल्ट, पुढची गाडी,
कॅलिपरचे दोन बोल्ट, पुढची गाडी.
"टक् म्हणाला की थांबायचं," म्हणाले.
"त्यापुढचा जोर आपल्या भीतीचा.
बोल्टला तो नको असतो, आटे जातात."
मग खिशातून पिवळा मार्कर.
"आवळला की लगेच रेघ मार.
अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर.
उद्या रेघ तुटलेली दिसली तर समज, फिरला."

मी कपड्याच्या हँगरची तार सरळ करून
कॅलिपर स्प्रिंगला टांगलं, नळीवर भार नको म्हणून.
नवे पॅड बसले, बोल्टला निळं औषध लावलं,
आणि तेवढ्यात सुनेत्राचा फोन,
ताई, उशी दोन घेऊ का तीन?
सातवा महिना. सकाळी सहाला निघायचं,
घाट उतरून बदलापूरला.

तीन घे, म्हणाले होते.
हे बरं आठवतंय.

खाली गेले.
स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापलं,
चाकामागे फरशीवर आडवी झाले, मोबाइलचा उजेड धरला.
वरच्या बोल्टवर रेघ, लग्नातल्या हळदीसारखी पिवळीधमक.
खालचा बोडका.

पान्ह्याला जागा पुरेना. पुन्हा जॅक,
मागच्या चाकाला पुन्हा वीट.
वॉचमन पगारे खुर्चीतून उठून आले,
काही न विचारता मोबाइल हातात घेतला
आणि बरोबर हवा तिथे उजेड पाडला.

रेंच पस्तीसवर होताच.
लावला. ओढला.
आता अर्धा फेरा जाईल, निदान पाव तरी,

टक्.

जागच्या जागी. केसभरही हलला नाही.
घट्टच होता. रेघ तेवढी राहिली होती.

मग उगाच बसून राहिले फरशीवर.
हायवेवर कांद्याचा ट्रक थांबला,
त्याच्या ब्रेकनी फुस्स करून हवा सोडली.
हातांनी आपलं काम केलं होतं
आणि मला कळवलं नव्हतं.
गॅसचा नॉब, कुलूप, आईची रात्रीची गोळी,
किती वर्षं मी अर्ध्या जिन्यातून परत फिरते आहे
आणि ते सगळं झालेलंच असतं.
बहुतेक वेळा.
त्या 'बहुतेक'साठीच तर फिरते.

रेघ मारली. थोडी वाकडी.
चाक बसवलं, नट समोरासमोरचे धरून.
रेंचची मूठ उलटी फिरवत तीस, वीस, दहा,
अगदी खाली आणली.
ताणून ठेवला तर आतली स्प्रिंग खोटं बोलायला लागते,
काकांनी दोनदा बजावलं होतं.

पगारेंनी मोबाइल परत दिला.
"मॅडम, आमच्या सायकलचा मागचा ब्रेक
जरा बघाल का?"
त्याला हा रेंच लागत नाही, म्हटलं.
मग म्हटलं, आणा बुधवारी.
मार्कर आहे माझ्याकडे.